मोटारसायकलला जीपीएस: खान्देशातलं ऊन, पाऊस आणि सातपुडा धरून

हँडलला क्लॅम्प आवळला, चार्जरची वायर खोचली की जीपीएस बसला, असं वरवर वाटतं. तसं केलेलं काम हिवाळ्यात चालतंही. मग मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि भर दुपारी स्क्रीन काळी पडते. जूनच्या पहिल्या पावसात यूएसबीच्या पिना हिरव्या होतात. चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसते. शहादा सोडून सातपुड्यात शिरल्यावर मोबाइलची रेंज जाते आणि नकाशाच्या जागी नुसता करडा चौकोन दिसतो. ही सगळी दुखणी बसवतानाच टाळता येतात. त्यासाठी अर्धा दिवस, एक मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) आणि थोडा धीर लागतो.

यंत्र कोणतं घ्यावं

तीन पर्याय आहेत. पहिला, मोटारसायकलसाठीच बनवलेलं यंत्र, म्हणजे गार्मिनचं झुमो किंवा टॉमटॉमचं रायडर. पाणी, धक्के आणि हातमोजे गृहीत धरूनच ते बनवलेलं असतं, उन्हात त्याची स्क्रीन दिसते आणि नकाशा आत साठवलेला असतो. महाग आहे, पण सातपुड्यात किंवा लांबच्या प्रवासाला वरचेवर जाणाऱ्याला ते परवडतं. दुसरा पर्याय रोजचा मोबाइल. तिसरा पर्याय आम्ही बहुतेकांना सुचवतो: घरात पडून असलेला जुना अँड्रॉइड मोबाइल, ऑफलाइन नकाशे भरून, फक्त गाडीसाठी राखून ठेवलेला.

रोजचा महागडा मोबाइल हँडलवर लावू नये, याला ठोस कारण आहे. चांगल्या कॅमेऱ्यांत फोटो हलू नये म्हणून भिंगाचा सूक्ष्म झुला असतो. मोठ्या इंजिनाच्या सततच्या थरथरीने तो खराब होऊ शकतो, असं अॅपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं. ३५० सीसीच्या वरच्या एकसिलिंडर गाड्यांना हा धोका जास्त. लावायचाच असेल तर क्लॅम्प आणि पकड यांच्यामध्ये रबरी बुश असलेला डॅम्पर घ्या.

'नाविक' हे भारताचं स्वतःचं उपग्रह-मार्गदर्शन. त्याचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. मात्र सर्वसाधारण जीपीएस ज्या एल-१ पट्ट्यात ऐकतो, त्या पट्ट्यातला नाविकचा संदेश २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून सुरू झाला. त्यामुळे जुन्या यंत्राला नाविक दिसत नाही, आणि सपाटीवर त्याने काही अडतही नाही. खोल दरीत, जिथे अर्धं आकाश डोंगराने झाकलेलं असतं, तिथे जितक्या प्रणाली ऐकू येतील तितकं बरं. नवीन घेताना नाविक, ग्लोनास (रशियाची प्रणाली), गॅलिलिओ (युरोपची) ही नावं माहितीपत्रकात आहेत का, ते पाहा.

एक इशारा. उपग्रहावरून संदेश *पाठवणारी* यंत्रं आणि उपग्रह-फोन ही वेगळी जात आहे. भारतात ती सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातून कोणी 'जीपीएस' म्हणून काही आणून दिलं तर आधी हे तपासा.

जागा

यंत्र स्पीडोमीटरच्या शक्य तितकं जवळ आणि किंचित वर असावं. नजर रस्त्यावरून स्क्रीनवर जाऊन परत येण्यात मान हलता कामा नये. टाकीवरच्या पाऊचमध्ये ठेवलं तर पाहण्यासाठी हनुवटी छातीला टेकवावी लागते. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंद खाली पाहिलं की ३४ मीटर रस्ता न बघता गेला. ऊस किंवा केळी भरलेला ट्रॅक्टर दिव्याशिवाय पुढे असेल, तर तेवढं अंतर फार आहे.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं हँडल २२ मिलिमीटरचं असतं, काही अॅडव्हेंचर गाड्यांचं मधोमध २८ चं. क्लॅम्प त्या मापाचाच घ्या. थोडं ढिलं बसत असेल तर खाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी एकच वेढा गुंडाळा. दोन-तीन वेढे दिले की रबर दाबला जातो आणि क्लॅम्प हळूहळू फिरतो. आरशाच्या दांडीवर बसणारे माउंट मिळतात, पण दांडीच्या टोकाला थरथर जास्त असते. लावायचाच झाला तर आरशाच्या बुडाशी, हँडलला चिकटून लावा. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या आरशाला उलटे आटे असतात. जोर लावून आटे मारण्याआधी कोणत्या बाजूला फिरतंय, ते पाहून घ्या.

घट्ट करण्यापूर्वी हँडल डावीकडे आणि उजवीकडे शेवटपर्यंत वळवा. यंत्र टाकीला लागतं का, क्लचची तार दाबली जाते का, चावी फिरवायला बोटं पुरतात का, इंडिकेटर आणि ऑइलचा दिवा झाकला जातो का, हे चारही पाहा. मग बोल्टला निळं लॉकटाइट (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा गोंद) लावून आवळा. लालचं काम इथे नाही, ते पुढे सुटत नाही. शेवटी यंत्राला एक बारीक मजबूत दोरी बांधून हँडलला अडकवा. पकड कधी सुटलीच तर यंत्र चाकात न जाता लोंबकळेल.

वीज: इथे घाई नको

गणित सोपं आहे. यंत्राला ५ व्होल्टवर जास्तीत जास्त २ अँपिअर, म्हणजे १० वॉट लागतात. कन्व्हर्टरमधली (१२ व्होल्टचे ५ करणाऱ्या चार्जरमधली) गळती धरून बॅटरीकडून साधारण १२ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर १ अँपिअर. त्याला २ अँपिअरचा फ्यूज आणि ०.७५ चौरस मिलिमीटरची, तांब्याच्या बारीक तारांची वायर पुरते. घरातल्या एकेरी जाड तारेची वायर वापरू नका, ती थरथरीने मोडते.

आता करंट कुठून घ्यायचा. थेट बॅटरीवरून घेतला तर चावी बंद असतानाही कन्व्हर्टर थोडा करंट खात राहतो. तो २० मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला ०.४८ अँपिअर-तास झाले. १०० सीसीच्या गाडीची बॅटरी बऱ्याचदा ३ अँपिअर-तासाची असते. म्हणजे तीन दिवसांत ती अर्धी रिकामी, आणि लग्नाला गावी गेलेला माणूस परत आल्यावर किक मारत बसतो. म्हणून चावी चालू केल्यावरच करंट येणारी वायर शोधायची. जीपीएस एकट्यासाठी ब्रेक-स्विचला जाणारी वायर उत्तम. ती हँडलपाशीच मिळते आणि तिच्यावर मुळात भार कमी असतो.

हेडलाइटच्या वायरला हात लावू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही, तो थेट मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जनित्राच्या) एसी करंटवर जळतो. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर तिथला व्होल्टेज वर-खाली होतो आणि कन्व्हर्टर पहिल्याच फेरीत जातो, कधी यंत्रालाही घेऊन जातो. ओळखायची खूण सोपी आहे. चावी चालू, इंजिन बंद असताना त्या वायरवर मीटर काहीच दाखवत नसेल आणि इंजिन सुरू केल्यावर दाखवत असेल, तर ती एसी वायर आहे. सोडून द्या.

वायरच्या रंगावर विसंबू नका. हिरो आणि होंडाच्या गाड्यांत हिरवी वायर अर्थची, म्हणजे मायनसची, असते आणि काळीत चावी चालू केल्यावर करंट येतो. यामाहात काळी अर्थची. 'काळी म्हणजे मायनस' असं धरून हिरोच्या काळ्या वायरला बॉडी जोडली की फ्यूज गेलाच. प्रत्येक वायर मीटरने पाहायची. चावी बंद: शून्य. चावी चालू: १२ च्या वर. इंजिन चालू, जरा रेस केल्यावर: साडेतेरा ते साडेचौदा. तिन्ही आकडे जुळले तरच ती वायर आपली. बीएस-६ (नव्या प्रदूषण-नियमांच्या) गाडीत ईसीयू (इंजिनाचा संगणक), फ्युएल पंप किंवा सेन्सरच्या वायरीतून करंट घ्यायचा नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापूच नका. कंपनीचं अॅक्सेसरी कपलर असेल तर त्याला जुळणारं कपलर आणा, नाहीतर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा.

रिले लावायची वेळ दोनदा येते: वॉरंटीत वायरीवर भार टाकायचा नसेल, किंवा जीपीएसबरोबर फॉग लाइटही घ्यायचे असतील. चार पिनांच्या साध्या रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून. ८७ वरून पुढे यंत्राकडे. ८६ ला चावीवर चालू होणारी वायर, ८५ ला अर्थ. रिलेची तोंडं खाली राहतील अशी ती सीटखाली बांधा, म्हणजे धुताना पाणी आत साचत नाही.

काम सुरू करताना बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी काढा आणि संपवताना सगळ्यात शेवटी लावा. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना फ्रेमला टेकला तर ठिणग्या उडतात, कारण फ्रेम म्हणजे मायनसच. मायनस आधी सुटलं असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. टाकी उचलावी लागणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून घ्या.

जोड कसा करायचा यावर मेकॅनिकांत मतं आहेत. आमचं मत क्रिंपिंगच्या, म्हणजे जोड दाबून बसवण्याच्या, बाजूचं. डाग देऊन (सोल्डरिंगने) केलेला जोड टेबलावर पक्का असतो, पण कथील वायरीच्या तारांत थोडं आत झिरपतं, तिथे वायर काडीसारखी कडक होते आणि गाडीच्या थरथरीने नेमकी त्या कडेला मोडते. बाहेरून इन्सुलेशन शाबूत, आत तार तुटलेली, म्हणून असा बिघाड सापडता सापडत नाही. ६ मिलिमीटर साल काढा, तारा पिळू नका, सरळ ठेवून थिंबलमध्ये (धातूच्या छोट्या टोपणात) घाला आणि क्रिंपिंगच्या पकडीने दाबा. साध्या पकडीने चेपलेलं थिंबल ओढलं की निघून येतं. दाबून झाल्यावर ओढून पाहाच. मग आत गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी चढवून लायटरने गरम करा. दोन्ही टोकांतून गोंदाचा बारीक कडा बाहेर आला की पाणी बंद झालं. काळी इन्सुलेशन टेप इथल्या उन्हाळ्यात टिकत नाही. गोंद वितळून ती सरकते आणि बोटांना चिकटत राहते. वायर न कापता वरून चावा घेणारे निळे जोड दुकानात मिळतात. ते तारा अर्ध्या कापतात आणि पावसाळ्यात आतून गंजतात.

फ्यूज करंट घेतल्या जागेपासून १५ सेंटिमीटरच्या आत. फ्यूज यंत्राला वाचवतो असं वाटतं, खरं तर तो वायरीला वाचवतो. मीटरभर वायर नेऊन यंत्रापाशी फ्यूज लावला, तर मधली अख्खी वायर उघडी राहिली आणि ती टाकीखालून जाते.

वायर गाडीच्या मूळ वायरिंगच्या सोबत न्या, दर वीतभर अंतरावर प्लास्टिकचा टाय. टाय करकचून आवळू नका, बोटाने सरकेल इतपत. सायलेन्सर आणि इंजिनाच्या हेडपासून लांब. स्टीअरिंगच्या मानेपाशी चार बोटं ढील सोडा. मग इंजिन चालू करून हँडल दोन्ही टोकांना फिरवा. फिरवताना यंत्र विझलं किंवा इंजिनाची रेस बदलली तर वायर किंवा रेसची तार ताणली जातेय, पुन्हा मोकळी करा.

जुन्या कम्युटर गाडीत बॅटरी लहान आणि चार्जिंगही मर्यादित. अशा गाडीत आधी इंजिन सुरू करा, मग यंत्र. सेल्फ मारताना व्होल्टेज ९-१० पर्यंत पडतो आणि यंत्र 'वीज गेली' म्हणत बंद होतं किंवा पुन्हा सुरू होतं. हा बिघाड नव्हे.

ऊन आणि पाणी

लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, म्हणून चांगलं यंत्र स्वतःच चार्जिंग थांबवतं. मे महिन्यात सावलीतच तेवढं तापमान, काळ्या स्क्रीनवर तर त्याहून कितीतरी जास्त. त्यात उन्हात दिसावं म्हणून ब्राइटनेस पूर्ण ठेवावा लागतो, त्याचीही उष्णता. चालत्या गाडीवर वारा लागतो म्हणून निभावतं. खरी वाट लागते ती थांबल्यावर. रसवंतीपाशी गाडी उन्हात लावली आणि यंत्र हँडलवरच राहिलं, तर रसाचा ग्लास संपेपर्यंत स्क्रीन काळी पडलेली असते. थांबलात की यंत्र काढा आणि पिशवीत, सावलीत ठेवा. टाकीवर ठेवू नका, टाकी तव्यासारखी तापलेली असते. तापलेल्या यंत्रावर गार पाणी ओतायचं नाही, आत दव धरतं. प्लास्टिकच्या पारदर्शक पाऊचमध्ये मोबाइल घालून उन्हाळ्यात चालवू नका, तो भट्टीत ठेवल्यासारखा होतो. स्क्रीनवर दोन-तीन इंच पुढे येणारं काळं छज्ज्यासारखं झाकण लावलं तर ब्राइटनेस कमी ठेवता येतो. जमलं तर मोठा पल्ला पहाटे पाचला सुरू करून दहाच्या आत उरकावा, यंत्रासाठीही आणि माणसासाठीही.

पावसात 'वॉटरप्रूफ' यंत्रही वायरीच्या तोंडातून मरतं. वायर वरून खाली येऊन थेट सॉकेटमध्ये गेली, तर पाणी वायरीवरून ओघळत आतच जातं. म्हणून वायर आधी सॉकेटच्या खाली उतरवा आणि मग वळवून वर न्या. त्या वळणाच्या तळाशी थेंब जमतो आणि तिथूनच गळून पडतो. पाऊस चालू असताना हे वळण एकदा निरखून पाहा, थेंब तिथूनच पडत असेल तर काम बरोबर झालं. सॉकेटवर रबरी टोपी आणि पिनांना सिलिकॉन ग्रीसचं बोट. सर्व्हिसिंगला प्रेशरने गाडी धुताना यंत्र काढून घेतातच, पण माउंटच्या उघड्या पिना विसरतात. त्यांवर प्लास्टिकची पिशवी बांधा. पिना हिरव्या पडल्याच तर खोडरबराने हलकेच घासा, स्पिरिटने पुसा, वाळू द्या आणि पुन्हा ग्रीस लावा. कानसपट्टीने घासलं तर वरचा मुलामा जातो आणि महिन्याभरात पुन्हा गंज.

नकाशा भरताना

मोबाइल वापरणार असाल तर निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर ऑफलाइन नकाशा उतरवा. गूगलच्या ऑफलाइन नकाशाला मुदत असते, म्हणून तो जुना झाला नाही ना, ते पाहा. सातपुड्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड सोबत ठेवा. पायवाटा आणि पाड्यांचे रस्ते त्यांत कधी कधी जास्त सापडतात. दोन्ही नकाशे जुळत नसतील तिथे रस्त्याबद्दल शंका घ्यायची.

नावाने शोधताना खान्देशात हमखास चूक होते. जळगाव जिल्ह्यात सावखेडा एक नाही, बुद्रुक आणि खुर्द वेगळे, तालुके वेगळे. तालुक्याचं नाव जोडल्याशिवाय 'जा' दाबू नका. इंग्रजी अक्षरांचा घोळही आहे: यावल व्हीने की डब्ल्यूने, चोपडा की चोपडे. एक स्पेलिंग सापडलं नाही म्हणजे गाव नाही असं नव्हे. धडगाव तालुक्याचं सरकारी नाव अक्राणी, म्हणून दोन्ही नावं टाकून पाहा.

अक्षांश-रेखांश टाकायचे असतील तर पद्धत एकच ठेवा. हा मुद्दा लहान दिसतो, पण चूक मोठी करतो. कुणी '२१.३०' असा अक्षांश पाठवला आणि तुम्ही तो २१ अंश ३० मिनिटं म्हणून टाकला, तर काय होईल? २१.३० अंश म्हणजे २१ अंश १८ मिनिटं. फरक १२ मिनिटांचा, आणि एक मिनिट म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर. तुम्ही २२ किलोमीटर उत्तरेला जाल. यंत्राच्या सेटिंगमध्ये 'दशांश अंश' ठेवा आणि समोरच्यालाही तेच विचारा. ताळा म्हणून लक्षात ठेवा: जळगाव २१.०१, ७५.५६; धुळे २०.९०, ७४.७८, नंदुरबार २१.३७, ७४.२४. खान्देशातलं तुमचं ठिकाण या आकड्यांच्या आसपासच असणार.

'जवळचा रस्ता' हा पर्याय बंद करा, 'लवकरचा' ठेवा. जवळचा रस्ता मागितला की यंत्र शिवरस्त्यात नेतं. उन्हाळ्यात ते धुळीवर भागतं. पावसात काळ्या मातीत पन्नास पावलं गेलात की चिखल मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये भरतो, चाक फिरायचं थांबतं आणि मग काडीने उकरत बसावं लागतं. 'कच्चे रस्ते टाळा' हे जून ते ऑक्टोबर चालूच ठेवा.

रूट आणि ट्रॅक यांतला फरक समजून घ्या. रूटमध्ये काही मोजकी ठिकाणं असतात आणि त्यांच्यामधला रस्ता यंत्र स्वतः ठरवतं. ट्रॅक ही आखलेली रेघ असते, यंत्र ती फक्त दाखवतं. मुंबई-आग्रा रस्त्यावर किंवा सुरत-धुळे-जळगाव या ५३ क्रमांकाच्या महामार्गावर रूट पुरतो. सातपुड्यात, गेल्या महिन्यात त्या वाटेने जाऊन आलेल्या माणसाकडून जीपीएक्स ट्रॅक (ती रेघ साठवलेली फाइल) घ्यावा आणि रेघेवरच राहावं. रूट वापरलात तर 'आपोआप नवा रस्ता काढा' हे बदलून 'आधी विचारा' करा. नाहीतर एक वळण चुकलं की यंत्र मुकाट्याने भलताच घाट काढून देतं.

उदाहरण म्हणून तळोद्याहून धडगाव घ्या. नकाशा चांदसैली घाटातून नेईल. उन्हाळ्यात तो ठीक. जोरदार पावसात तिथे दरडी येतात आणि यंत्राला ते ठाऊक नसतं. पावसाळ्यात निघण्याआधी तळोद्यात विचारून घ्या आणि दुसऱ्या वाटेचा ट्रॅक आधीच भरून ठेवा. तोरणमाळला शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे जाताना म्हसावद आणि राणीपूर दोन्ही थांबे म्हणून टाका, म्हणजे यंत्राला वाट बदलायला वाव राहत नाही. टाकी शहाद्यात किंवा तळोद्यातच भरून घ्या. घाटातली पोहोचण्याची वेळ यंत्र नेहमी कमी सांगतं, तिच्यावर निम्मी वेळ आणखी धरा.

रस्त्यावर

चालू केल्याबरोबर निघू नका. उपग्रहाची स्थिती सांगणारा संदेश दर ३० सेकंदांनी येतो. नवं यंत्र किंवा बरेच दिवस बंद असलेलं यंत्र सगळ्या उपग्रहांची यादी ऐकायला साडेबारा मिनिटंही घेऊ शकतं. पत्र्याच्या शेडखाली किंवा चिंचेच्या झाडाखाली हा वेळ वाढतो. अंगणात, मोकळ्या आकाशाखाली ठेवा आणि तोवर टायरची हवा बघा.

निघण्याआधी पूर्ण मार्ग एकदा लहान करून, अख्खा एका नजरेत पाहा. रेघ तापीला किंवा गिरणेला कुठे ओलांडते, ते शोधा. तिथे मोठा पूल आहे की फरशी (पुरात पाण्याखाली जाणारा बुटका पूल), हे यंत्र सांगत नाही, त्याच्या लेखी दोन्ही सारखेच. हतनूर किंवा अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं की खालच्या फरशा बुडतात आणि स्क्रीनवर मात्र निळी रेघ सरळ पलीकडे गेलेली असते. संध्याकाळच्या उजेडात फरशीवरचं घोटाभर गढूळ पाणी ओल्या रस्त्यासारखंच दिसतं. काठावर थांबा, गावात विचारा. "भाऊ, फरशीवर पानी शे का?" या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही उपग्रहाकडे नाही. कडेचे दगडी खांब दिसत नसतील तर गाडी घालायची नाही, मग पलीकडून कोणी येताना दिसलं तरी. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर-डोंगरीला पूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. त्या दिवशीही साठवलेल्या नकाशांत घाट उघडाच होता.

चालताना स्क्रीनला हात लावायचा नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हातातलं उपकरण गाडी चालवताना फक्त रस्ता पाहण्यासाठी, आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरता येतं. ठिकाण बदलायचं असेल तर कडेला घ्या. आवाज हेल्मेटमधल्या एकाच कानाला ठेवा, दुसरा हॉर्नसाठी. आवाज नीट लागला की स्क्रीनकडे पाहण्याची गरज निम्म्यावर येते.

काही अडलं तर

यंत्र मधेच बंद-चालू होतं: आधी फ्यूज होल्डर हलवून पाहा. काचेच्या फ्यूजचे होल्डर थरथरीने ढिले होतात, त्याऐवजी पात्यांचा फ्यूज घ्या. फ्यूज ठीक असेल तर अर्थ तपासा. रंगावर घट्ट केलेला बोल्ट म्हणजे अर्थ नव्हे, खालचा रंग खरवडून चकाकतं लोखंड लागलं पाहिजे. सगळ्यात उत्तम अर्थ बॅटरीच्या मायनसचाच.

फ्यूज पुन्हा पुन्हा जातो: मोठा फ्यूज घालू नका. वायर कुठेतरी घासली आहे. टाकीच्या खालची कड आणि स्टीअरिंगची मान आधी पाहा.

चार्जिंगची खूण दिसते, तरी टक्के उतरतात: चार्जर स्वस्तातला आहे, लिहिलेले २ अँपिअर तो देत नाही, किंवा यंत्र तापल्यामुळे चार्जिंग थांबलंय. संध्याकाळी थंडाव्यात तसंच होतंय का, ते पाहिलं की कोणतं ते कळतं.

जागा शे-दोनशे मीटरने उडते, गाडी शेतातून चाललेली दिसते: चार्जर काढून केवळ यंत्राच्या बॅटरीवर पाच मिनिटं चालवा. जागा स्थिर झाली तर दोष चार्जरचा. हलके कन्व्हर्टर आणि एलईडी फॉग लाइट विजेचा गोंगाट करतात, आणि उपग्रहाचा संदेश २०,२०० किलोमीटरवरून येता येता इतका क्षीण झालेला असतो की तो त्या गोंगाटात बुडतो. कन्व्हर्टर हँडलवरून काढून सीटखाली न्या, नाहीतर बदला.

जीपीएस ५५ दाखवतो आणि गाडीचा काटा ६०: जीपीएस बरोबर आहे. गाडीचा मीटर थोडा जास्तच दाखवायला ठेवलेला असतो.

२ अँपिअरचे दोन जादा फ्यूज साइड कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. त्यांच्याजवळच एका कागदावर लिहा की करंट कोणत्या रंगाच्या वायरीवरून घेतलाय आणि फ्यूज कुठे आहे, आणि वर पारदर्शक टेप लावा. दोन वर्षांनी शिरपूरच्या एखाद्या गॅरेजात ते कव्हर उघडणारा मेकॅनिक पहिल्यांदा तो कागद वाचेल.